पीडी-एल१ सत्तर टक्के आलं, तरी जीन रिपोर्टची वाट का पाहायची?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. विडी-सिगारेट आमच्या घरात कुणालाच नाही. होळीच्या सुमारास त्यांना खोकला सुरू झाला, उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालं. टीबी समजून दीड महिना औषधं चालली, थुंकीत जंतू मात्र सापडले नव्हते. शेवटी तुकडा काढला, तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. चार दिवसांत पीडी-एल१चा रिपोर्ट आला : ७० टक्के. जीन टेस्टला अजून दोन आठवडे लागतील म्हणतात. माझे मोठे दीर पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं, ७० टक्के म्हणजे इम्युनोथेरपीसाठी उत्तम, एक दिवसही घालवू नका, पैशांचं मी बघतो. इथले डॉक्टर म्हणतात, थांबा. नणंदबाई प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा पाठवतात. आम्ही कुणाचं ऐकावं?
— एक सून, इंदूर

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. जीन रिपोर्ट हातात येईपर्यंत इम्युनोथेरपीची पहिली बाटली लावू नका. पण थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. या दिवसांत करण्यासारखं बरंच आहे, आणि रिपोर्टचा महत्त्वाचा भाग दोन आठवड्यांच्या आतही मिळू शकतो. ते पुढे येईलच. आधी भाऊजींच्या ७० टक्क्यांचं बघू, कारण घरातला सगळा वाद त्या आकड्याभोवती फिरतो आहे.

पीडी-एल१ हे पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन. कॅन्सरला मारायला टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची लढवय्यी पेशी, जवळ आली की हे प्रथिन तिच्यावरचं पीडी-१ नावाचं ब्रेकचं बटण दाबतं आणि टी-पेशी थंड पडते. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अ‍ॅटेझोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं हे बटण दाबलं जाऊ देत नाहीत. पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो यांना २०१८ साली जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत नोबेल मिळालं ते या ब्रेकच्या कामासाठीच. रिपोर्टातले ७० टक्के म्हणजे मायक्रोस्कोपखाली पाहिलेल्या कॅन्सरपेशींपैकी ७० टक्के पेशींच्या कडेला रंग चढला, एवढंच. औषध लागू पडण्याची शक्यता ७० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. पण बहुतेक घरांत तो तसाच लावला जातो.

खरा प्रश्न हा की रंग कशामुळे चढला? एक कारण असं : टी-पेशी गाठीत शिरल्या आहेत, इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडत आहेत, आणि त्या माऱ्यातून वाचायला कॅन्सरपेशीने पीडी-एल१ची ढाल पुढे केली आहे. म्हणजे झुंज चालू आहे. ढाल काढून घेतली की टी-पेशींचं पारडं जड होऊ शकतं. दुसरं कारण अगदी निराळं. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकात बिघाड झाला की पेशीला वाढीचा हुकूम आतूनच अखंड मिळत राहतो, आणि त्याच हुकमाच्या ओघात पीडी-एल१ही तयार होत राहतं. त्यासाठी बाहेर टी-पेशी असाव्या लागत नाहीत. पॅथॉलॉजिस्टला दोन्हीकडे रंग सारखाच दिसतो, आकडाही ७०च येतो. पण ब्रेक सोडल्याचा उपयोग इंजिन, म्हणजे टी-पेशींचा हल्ला, चालू असेल तर. दुसऱ्या प्रकारात इंजिन बंदच असतं.

ते बंद का, हेही समजून घ्या, कारण 'जास्त म्युटेशन म्हणजे जास्त वाईट' हा आपला समज इथे उलटा पडतो. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या तबकात ठेवून बाहेर मांडते. टी-पेशी फिरता फिरता ही तबकं तपासतात आणि परका तुकडा दिसला की हल्ला करतात. तंबाखूच्या धुराने डीएनएवर इतके ओरखडे उठतात की धूम्रपान करणाऱ्यांच्या गाठीत म्युटेशनं सरासरी दहापटीहून जास्त सापडतात. इतक्या बदललेल्या प्रथिनांपैकी काही तरी टी-पेशीच्या नजरेत भरतातच. ज्यांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही त्यांच्या गाठीत मात्र बहुधा एखादीच मुख्य कळ बिघडलेली असते, बाकी डीएनए बऱ्यापैकी नीट. टी-पेशीला ओळखायला खूणच मिळत नाही. त्यात ईजीएफआरच्या गाठी सीडी७३ या एन्झाइमच्या मदतीने आपल्याभोवती अ‍ॅडेनोसिन साठवतात. ते टी-पेशींना सुस्त करतं. उरल्यासुरल्या टी-पेशींना आवरणाऱ्या नियंत्रक पेशीही तिथे गोळा होतात. अशा गाठीला डॉक्टर 'कोल्ड ट्यूमर' म्हणतात.

सासूबाईंच्या गाठीत असा बिघाड असेलच, असं रिपोर्टआधी कुणी सांगू शकत नाही. पण भारतात फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात साधारण चौघांत एकाला ईजीएफआर म्युटेशन सापडतं, आणि कधीच धूम्रपान न केलेल्या बायकांत त्याहून बरंच जास्त. त्यांच्यासाठी ही दूरची शक्यता नव्हे.

भाऊजींनी जे वाचलं असेल ते बहुधा कीनोट-०२४ या २०१६च्या चाचणीवर आधारलेलं असेल. पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त असलेल्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅबवर आजार सरासरी १०.३ महिने आटोक्यात राहिला, केमोवर ६ महिने. आकडे खरे आहेत. फक्त गोळीला, म्हणजे बिघडलेल्या जनुकाचा हुकूम थांबवणाऱ्या औषधाला, दाद देणारं ईजीएफआर म्युटेशन किंवा एएलके बदल असलेले रुग्ण त्या चाचणीत मुळात घेतलेच नव्हते. त्यांचं काय होतं, ते २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इम्युनोटार्गेट' नोंदणीत दिसलं. त्यात ५५१ रुग्ण होते. नुसत्या इम्युनोथेरपीवर गाठ आकसण्याचं प्रमाण, कोणतं जनुक बिघडलंय त्यानुसार, केआरएएसमध्ये २६ टक्के, बीआरएएफमध्ये २४, ईजीएफआरमध्ये १२ आणि एएलकेमध्ये शून्य. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली होती, ती तर तुमच्या प्रश्नासाठीच केल्यासारखी आहे : ईजीएफआर म्युटेशन, पीडी-एल१ पॉझिटिव्ह, गोळी अजून सुरू केलेली नाही, अशांना आधी पेम्ब्रोलिझुमॅब द्यायचं. २५ जण घ्यायचे ठरले होते, ११ जणांनंतर चाचणी थांबवावी लागली. त्यांतल्या ८ जणांचं पीडी-एल१ ५० टक्के किंवा त्याहून जास्त होतं. गाठ आकसली फक्त एकाची, आणि त्याचा नमुना पुन्हा तपासला तेव्हा त्याला ईजीएफआर म्युटेशन नव्हतंच!

'लागू नाही पडलं तर नाही, नंतर गोळी देऊ' असं भाऊजी म्हणतील. अडचण तिथेच आहे. इम्युनोथेरपीची अँटिबॉडी शेवटच्या डोसनंतरही बरेच आठवडे टी-पेशींना चिकटून राहते. त्या काळात ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरची गोळी सुरू केली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये आधी इम्युनोथेरपी आणि मग ओसिमर्टिनिब घेतलेल्या ४१ जणांपैकी ६ जणांना गंभीर त्रास झाला. दोन्हींत ३ महिन्यांपेक्षा कमी अंतर होतं त्या २१ जणांत ५. उलट क्रमाने, म्हणजे आधी गोळी आणि मग इम्युनोथेरपी, घेतलेल्या २९ जणांत एकालाही नाही. संख्या लहान आहे, पण एकाच फुप्फुसावर कसाबसा श्वास चाललेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका घ्यायचा कशाला? दोन्ही एकदम देऊन पाहिलं तेव्हा तर फुप्फुसाची सूज इतक्या जणांना आली की तो मार्गच सोडून द्यावा लागला.

आता रिपोर्ट लवकर कसा मिळवायचा ते. दोन ते तीन आठवडे लागतात ते एनजीएसला, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्र तपासणीला. ती चालू राहू द्या. सोबत ऑन्कोलॉजिस्टना विचारा की ईजीएफआरची पीसीआर, म्हणजे त्या एकाच जनुकाची तपासणी, वेगळी लावता येईल का. ती साधारण आठवड्यात येते. एएलके आणि रॉस१ या आणखी एका जनुकाची रंगतपासणी तर पीडी-एल१ केली त्याच लॅबमध्ये, त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात (पॅराफिनमध्ये) बसवलेल्या तुकड्यावर, दोन-चार दिवसांत होते. एएलकेचा निकाल त्यावर सहसा पक्का धरतात, रॉस१ पॉझिटिव्ह आली तर फिश नावाच्या दुसऱ्या जनुक-तपासणीने पडताळतात. अडचण एकच : तुकडा इवलासा असतो आणि प्रत्येक वेळी ब्लॉक मशीनवर चढवला की थोडा वाया जातो. म्हणून सगळ्या तपासण्यांच्या चकत्या एकाच वेळी कापून घ्यायला सांगा.

ब्लॉक मुंबईला पाठवायचा असेल तर मे महिन्याचं भान ठेवा. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. इंदुरात पारा ४२-४३ला असताना उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तापमान सहज तिथपर्यंत जातं. मऊ झालेला ब्लॉक पुन्हा नीट कापता येत नाही. थर्माकोलच्या डब्यात जेल-पॅक घाला, ब्लॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा राहील असा ठेवा, बर्फ थेट लावू नका. घरचं कुणी जाणार असेल तर रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने हातात घेऊन गेलेलं उत्तम. आणि तुकडा हाडातून घेतलेला असेल तर तो ब्लॉक जीन टेस्टला पाठवू नका. हाड मऊ करायला वापरलेल्या आम्लाने डीएनएचे तुकडे पडतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

तुकडा अपुरा निघाला, तर हाताशी आणखी एक गोष्ट आहे जी सर्रास मोरीत ओतली जाते : फुप्फुसाभोवतीचं पाणी. पुढच्या वेळी पाणी काढताना किमान ५० ते १०० मिलिलीटर, शक्यतो जास्त, 'सेल ब्लॉक'साठी त्याच दिवशी पॅथॉलॉजीला द्यायला सांगा. त्यातल्या कॅन्सरपेशींवर पीडी-एल१ आणि जीन टेस्ट दोन्ही होतात. एका वेळी साधारण दीड लीटरपेक्षा जास्त पाणी काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर त्यातच पाणी भरतं. सासूबाईंना काढता काढता खोकल्याची उबळ आली किंवा छातीत दुखू लागलं तर लगेच सांगायला सांगा.

रक्तावरची लिक्विड बायोप्सी, म्हणजे रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणीही चालते. साधारण १०-१० मिलिलीटरच्या दोन खास नळ्या लागतात, त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. साध्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं तर ते काही तासांत फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचाच डीएनए मिसळतो. या टेस्टचा नियम पक्का ध्यानात ठेवा : पॉझिटिव्ह आली तर खरी माना, निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही.

आणि या दिवसांत दम वाढला तर? तेव्हा वाट पाहायची नाही. पाणी काढायचं, आणि डॉक्टरांना विचारून केमोची पहिली फेरी इम्युनोथेरपी न जोडता द्यायची. नेहमीची जोडी पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन, दर ३ आठवड्यांनी. पुढे रिपोर्टात काहीही निघालं तरी ही फेरी फुकट जात नाही, आणि गोळीची वाटही बंद होत नाही. पेमेट्रेक्सेडसाठी फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी आणि बी-१२चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आठवडाभर आधी सुरू करायचा रिवाज आहे, म्हणून ते आजच विचारून ठेवा. छातीत दुखतं म्हणून त्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. त्यांनी पेमेट्रेक्सेड मूत्रपिंडातून बाहेर पडायला अडथळा येतो.

टीबीच्या औषधांचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलाय, पण तो मोठा आहे. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन चालू असताना ओसिमर्टिनिब घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण ७८ टक्क्यांनी घटतं. गोळी पोटात जाते, काम मात्र होत नाही, आणि मग 'गोळी लागू पडली नाही' असा निष्कर्ष निघतो. टीबीची औषधं अजून चालू आहेत का, ती सुरू ठेवायला सीबीनॅट किंवा कल्चर या टीबीच्या तपासण्यांचा काही आधार आहे का, हे छातीच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. आपल्या मनाने बंद करू नका. बंद झाली तरी रिफाम्पिसिनचा परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख ऑन्कोलॉजिस्टच्या कागदावर लिहायला लावा.

काढा बंद करा. नणंदबाईंना वाईट वाटेल, पण प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी नसते, की वर ओतलं आणि पातळी चढली. सासूबाईंच्या टी-पेशी कमी पडत असतील तर त्या अशक्तपणामुळे नव्हे, गाठीत ओळखण्यासारखं काही सापडत नाही म्हणून. गुळवेलीने यकृताला सूज आल्याची, ऑटोइम्यून हेपेटायटिससारखं चित्र दिसल्याची प्रकरणं आपल्याच देशातल्या यकृततज्ज्ञांनी नोंदवली आहेत. टीबीची औषधं, कॅन्सरची गोळी, इम्युनोथेरपी, सगळ्यांचा ताण यकृतावर येतो. एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलं तर दोष कुणाचा, हे काढ्यामुळे कळेनासं होईल. भाजी-आमटीतली हळद चालेल, कर्क्युमिनच्या कॅप्सूल नकोत. नणंदबाईंना काही पाठवायचंच असेल तर मुगाची खिचडी पाठवू दे.

रिपोर्ट आला की 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' एवढंच वाचू नका, ओळ पूर्ण वाचा. एक्सॉन १९ डिलीशन किंवा एल८५८आर (ईजीएफआरमधले नेहमीचे दोन बिघाड) असेल तर ईजीएफआरची गोळी. ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सुरू करण्याआधी ईसीजी आणि इको, कारण हृदयाच्या ठोक्यावर आणि पंपावर परिणाम होऊ शकतो. खर्च झेपत नसेल तर गेफिटिनिब २५० मिलिग्रॅम स्वस्तात मिळतं. टाटा मेमोरियलच्या २०२०च्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबवर आजार ८ महिने आटोक्यात राहिला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन दिल्यावर १६ महिने. भाऊजींचे पैसे कामी यायचेच असतील तर ते इथे येऊ देत. पीडी-एल१ खूप जास्त असलेल्या ईजीएफआर रुग्णांत गोळीचा असर काही अभ्यासांत कमी काळ टिकलेला दिसला आहे, म्हणून केमो जोडायचं का, हे मुद्दाम विचारा. गेफिटिनिब चालू असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, तिने ते नीट शोषलं जात नाही. ओसिमर्टिनिबला ही अडचण नाही.

एक्सॉन २० इन्सर्शन लिहिलं असेल तर तेही ईजीएफआरच, पण या नेहमीच्या गोळ्या त्यावर सहसा चालत नाहीत. 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' ऐकून लगेच गोळी आणायला धावू नका. एएलके असेल तर अ‍ॅलेक्टिनिब किंवा लोरलॅटिनिब, तिथे इम्युनोथेरपीचा विचारच नको. ईजीएफआर किंवा एएलके निघालं आणि मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर तो करून घ्या, कारण हे दोन्ही आजार डोक्यात लवकर पसरतात.

केआरएएसची गोष्ट वेगळी. तिथे इम्युनोथेरपी चालू शकते, पण सोबत कोणतं जनुक बिघडलंय यावर बरंच ठरतं. टीपी५३ असेल तर गाठीत टी-पेशी सहसा बऱ्यापैकी असतात. एसटीके११ किंवा केईएपी१ असेल तर गाठ थंड असते आणि प्रतिसाद कमी मिळतो. ही तीन नावं रिपोर्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतात. तिथपर्यंत वाचा.

आणि गोळीचं कुठलंच जनुक सापडलं नाही, तर मात्र भाऊजी बरोबर ठरतील. तेव्हा ७० टक्क्यांना खरा अर्थ येतो, आणि पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम दर ३ आठवड्यांनी, एकटं किंवा केमोसोबत, हा रास्त मार्ग आहे. फक्त 'सापडलं नाही' आणि 'नमुना अपुरा' यांत गल्लत करू नका. रिपोर्टात ट्यूमर कंटेंट, म्हणजे नमुन्यात कॅन्सरपेशींचा वाटा, किती टक्के लिहिलाय ते बघा. तो १०-२० टक्क्यांखाली असेल तर निगेटिव्हवर भरवसा ठेवू नका, पुन्हा नमुना द्या. इम्युनोथेरपी सुरू झालीच तर आधी टीएसएच (थायरॉइड), साखर आणि यकृताच्या तपासण्या करून ठेवा. दम्यासाठी वगैरे रोज १० मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते आधी सांगा. पुढे कधीही नवा कोरडा खोकला, चढता दम किंवा दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब झाले तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून सर्दी-पोटाचं औषध आणू नका, त्याच दिवशी ऑन्कोलॉजीत फोन करा. सुटलेल्या टी-पेशी आपल्याच फुप्फुसावर-आतड्यावर उलटतात तेव्हा स्टेरॉइड वेळेवर लागतं.

एक काम राहिलं. तपासणी झाली की उरलेला ब्लॉक लॅबमधून मागून घ्या आणि घरात थंड, कोरड्या जागी ठेवा, डब्यावर नाव, तारीख आणि बायोप्सी नंबर लिहून. गोळीचा असर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ओसरला तर नवा तुकडा काढावा लागेल, आणि गाठ कुठे बदलली हे कळायला शेजारी हा जुना ब्लॉक लागेल.